निघायचं पाणी

१

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला तुर्कूच्या चौकातून शांतता जाहीर होते. एक गृहस्थ सज्जात येऊन गुंडाळी उलगडतो आणि वाचून दाखवतो, की सणात कुणी दंगा करू नये, केला तर गय केली जाणार नाही. अख्खा देश बटाटे सोलता सोलता टीव्हीवर हे ऐकतो आणि मग उठून सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, पेटवायला जातो. रायलीच्या घरी दर वर्षी हेच चालायचं. यंदाही तेच चाललं होतं. फरक एवढाच, की यंदा सॉना आधीच पेटला होता.

तूली खिडकीपाशी मांडीवर रेकॉर्डर घेऊन बसली होती. वय बावीस. हेलसिंकीची सिनेमाची शाळा अर्धवट सोडून आलेली. भाऊ गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या प्राध्यापकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की हे दुःख म्हणजे कच्चा माल आहे, वाया घालवू नकोस. तिने खांद्यावरचा हात काढला, सामान बांधलं आणि गावी आली. गावातले वडीलधारे निदान असलं काही बोलत नव्हते. ते काहीच बोलत नव्हते. एकवीस वर्षांचा इल्मो एप्रिलचा बर्फ फुटून तळ्यात गेला, आणि दफनविधीनंतर सगळ्यांनी कॉफी पिऊन हवापाण्याच्या गप्पा मारल्या. इकडे त्याला धीर म्हणतात. तूलीच्या मते तो निव्वळ पळपुटेपणा होता.

दोन वर्षं ती आईबरोबर राहत होती. कारण त्याच वर्षी हिवाळ्यात, पुन्हा गोठलेल्या तळ्यावर आई एका सकाळी अनवाणी चालत गेलेली तिने पाहिली होती. हेही कुणी बोलत नव्हतं.

पोट भरायला आवाज गोळा करणं चालू होतं. शरदात गावात सिनेमावाले येऊन गेले होते. नाताळातला भयपट. नाताळ उतरवायच्या दिवशी मेंढीचं कातडं पांघरून, शिंगं लावून, उरलीसुरली बिअर मागत दारोदार फिरणारा नूत्तीचा बोकड असतो ना, तोच, फक्त यांचा बोकड बिअरऐवजी माणसं मागत होता. शूटिंग संपल्यावर त्यांनी तूलीला कामाला घेतलं. त्यांना स्वच्छ आवाज हवे होते. बर्फावरची पावलं, बिजागरीची कुरकुर, तापल्या धोंड्यांवर पाणी पडल्यावरचा सुस्कारा.

आई, रायली, समोर विणत होती. राखाडी लोकर, काठाला लाल पट्टा. मोठ्या, पुरुषी पायाचा मोजा, बोटांकडे निमुळता होत आलेला.

"दुसरा कुठाय?" तूलीने विचारलं.

"दुसरा नकोय. एकच पुरे."

तूलीने मनाशी हिशेब जुळवून पाहिला. मामाने एक हरवला असेल. पण मामाचे पाय बाईमाणसासारखे चिमुकले, गाव त्यावरून त्याची टर उडवायचं. जुना जोड अर्धा राहिला असेल. असेल बाई काहीतरी.

"दफनभूमीत कधी निघायचं?" तिने विचारलं. आज तिथे प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती लागते, बर्फ आतून पेटल्यासारखा दिसतो. आईने दोन वर्षांत एक रविवारही चुकवला नव्हता.

"यंदा नको जायला," आई म्हणाली आणि टाका उचलला. तिचा चेहरा इतका निवांत होता, की तूलीला बरं वाटायला हवं होतं.

मग तिला वास आला. तळ्याच्या काठावरून, सॉनाच्या धुराड्यातून येणारा. राळेचा.

२

सॉना भूर्जाच्या लाकडाने तापवायचा असतो. पाईन ठिणग्या उडवतं, काजळी धरतं. पाईन घालून सॉना तापवणाऱ्याला इकडे आळशी म्हणत नाहीत, त्याहून वाईट काहीतरी म्हणतात. आणि आई तर ढलप्याची साल बघून तो कुठल्या उतारावरचा भूर्ज ते सांगणारी.

तूली माईक घेऊन खाली गेली. दुपारचे जेमतेम दोन वाजले होते, पण उजेड निळा पडून विझायला लागला होता. सॉनाच्या आतल्या खोलीत तिने माईक बसायच्या पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या फळीखाली, गारव्याला बांधला, वायर दाराच्या फटीतून कपडे बदलायच्या खोलीत ओढून घेतली. मग भट्टीत घालायला म्हणून पडवीतल्या लाकडांपाशी वाकली.

पाईनच होतं. ताजं, पिवळंधम्मक, कापल्या जागी हात चिकटावा इतकं ओलं. असलं लाकूड धुमसत बसतं. भट्टीत मात्र ज्योत सरळ, शांत उभी होती.

एका ओंडक्याची एक बाजू तासून गुळगुळीत केलेली होती. त्यावर सुरीने अक्षरं कोरली होती. आडनावाच्या अक्षराचा अर्धा भाग करवतीत गेला होता. इल्मोचं आद्याक्षर शाबूत होतं, खाली वर्ष होतं.

ती अक्षरं कोरली जाताना तिने पाहिली होती. शवपेटी दफनभूमीकडे नेताना वाटेत तायस्तोमामाने गाडी थांबवायला लावली होती. एका पाईनच्या खालच्या फांद्या छाटल्या, साल काढली आणि नाव कोरलं. कर्सिक्को म्हणतात याला. गेलेला माणूस परत घराकडे निघालाच, तर या झाडापर्यंत येतो, आपलं नाव वाचतो आणि मागे वळतो. आता हे कुणी करत नाही. मामाने हट्टाने केलं होतं.

आई पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती.

"कुणी तोडलं हे?"

"तुझ्या सिनेमावाल्यांनी. त्यांच्या क्रेनच्या आड येत होतं. विचारायला आले बिचारे टोप्या काढून. मी म्हटलं, तोडा की. फक्त लाकूड माझ्या दारात आणून टाका."

"आई, हे ओलं आहे. हे जळतंय कसं?"

आईने तिच्या हातातून ओंडका काढून घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि तो भट्टीत ठेवला. पाळण्यात मूल ठेवावं तसा.

"छान जळतंय," ती म्हणाली.

३

कॉफीच्या वेळेला तायस्तोमामा आला. तो आईचा थोरला भाऊ, तळ्याच्या खाडीपलीकडे एकटा राहायचा. बर्फावर पायाने रेटायची ढकलगाडी घेऊन, तिच्यावर डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा ठेवून काठाकाठाने आला. तळ्यावरून यायला सोपं पडतं, पण दोन वर्षांत त्याने बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं. सिनेमात त्याला बोकडाचं काम मिळालं होतं. हेलसिंकीच्या एका नटीचा गळा आपण कसा घोटला, आणि तिने नंतर आपल्याला सफरचंद कसं दिलं, हे तो तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवायचा. आजही दारातच सुरुवात केली. मग नाक वर केलं आणि थांबला.

"रायली, काय जाळतेयस?"

आईने त्याच्यापुढे कप ठेवला. आलुबुखारचा मुरंबा भरलेली चांदणीच्या आकाराची पोळी ठेवली. मामाने दोन्हींना हात लावला नाही. तो खिडकीशी गेला, धूर पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. ते झाड वाऱ्याने पडलं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. त्याने चौकशी केली नव्हती. चौकशी न करणं यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा हात कुणी धरणार नाही.

"वाट मोकळी केलीस तू," तो म्हणाला.

"पोराला मेल्यावरही घरी येऊ दिलं नाहीस," आई अगदी शांतपणे म्हणाली. "दोन नाताळ तिथे थंडीत उभा आहे तो. आपलं नाव वाचत."

"रीत आहे ती, रायली. आपल्या आजोबांच्या आधीपासूनची."

तूलीला राहवलं नाही. "रीतबीत काही नाही, मामा. तुझीच टरकली होती. त्याला तळ्यातली मासळीची जाळी आणायला तूच पाठवलंस. मेच्या सुरुवातीपर्यंत बर्फ हलत नाही, हे तूच सांगितलंस. तो दारात येऊन विचारेल म्हणून तू झाड कोरलंस."

मामाच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. त्याने तोंड उघडलं. तूलीला वाटलं, आता बोलेल. इतक्या दिवसांनी निदान एक वाक्य.

"कॉफी निवेल," तो म्हणाला.

जाताना दारात मात्र त्याने तिचा दंड धरला. आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आपलं आटोपलं की सॉना गेलेल्यांचा. ठाऊक आहे ना? त्यांच्या वेळेत बसणारा त्यांच्यातलाच होतो. तिला आत एकटी सोडू नको, पोरी."

"मग तू थांब ना."

तो थांबला नाही. थोड्या वेळाने सॉनाच्या बाजूने त्याच्या गाडीची कुरकुर ऐकू आली. येताना हलकी वाजली होती. जाताना जड वाजत होती. तूलीने ते ऐकलं. कानाला सवयच होती. पण त्या वेळी तिच्या मनात दुसरंच होतं.

४

मायलेकी सॉनात गेल्या तेव्हा बाहेर मिट्ट अंधार झाला होता, घड्याळात चारही वाजले नव्हते.

आणि सॉना सुरेख तापला होता. हे तूलीला कबूल करावंच लागलं. ऊब बोचत नव्हती, मिठीत घेत होती. आईने ओगराळं बुडवून धोंड्यांवर पाणी ओतलं, सुस्कारा उठला, वाफ छताला लागून खांद्यांवर उतरली. आईने तिची पाठ घासून दिली, लहानपणी द्यायची तशी, मानेपासून खाली. केसांवर कोमट पाणी घातलं.

"किती वाळलीस गं," म्हणाली. "माझी राखण करता करता."

"राखण कसली."

"मला कळत नाही होय? अंगणात गेले तरी खिडकीत तुझं डोकं असतं."

तूलीला रडू आलं. सॉनात ते एक बरं असतं, कुणाला दिसत नाही.

त्यांच्या घरात उठायचीही पद्धत होती. शेवटचं ओगराळं टाकणारा सांगून टाकायचा, 'निघायचं पाणी.' ती वाफ अंगावर घ्यायची आणि उतरायचं. मग कुणी बसत नाही, पाद्री असला तरी नाही. इल्मो दर वेळी रडगाणं लावायचा, 'अजून एक, अजून एकच.' पण पाणी पडलं की सगळ्यांच्या आधी तोच खाली उडी मारायचा आणि धावत जाऊन बर्फात लोळायचा.

आईने ओगराळं बादलीत ठेवून दिलं. निघायचं पाणी टाकलं नाही.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी बसते जरा."

"मीही बसते."

"तूली. दोन वर्षं झाली. आज सणाचा दिवस आहे. आईला घटकाभर एकटं बसू दे."

तिच्या आवाजात इतकं आर्जव होतं, की हट्ट करणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. तूली उतरली. दाराशी वळून पाहिलं तर आई वरच्या फळीवर एका बाजूला सरकून बसली होती, शेजारी जागा ठेवून. टॉवेलाच्या घडीतून राखाडी लोकर डोकावत होती.

५

कपडे बदलायच्या खोलीत तूली टॉवेल गुंडाळून दाराला पाठ लावून बसली आणि तिने हेडफोन चढवले. आपण रेकॉर्डिंग करतोय, असं तिने स्वतःला सांगितलं.

लाकूड तडतडत होतं. आईचा श्वास. पाण्याचा थेंब. मग ओगराळं बादलीच्या कडेला लागलं, पाणी पडलं, सुस्कारा.

मग फळी करकरली.

आई हलली असेल. लाकूड तापलं की ताणतं. तूलीने अशा करकरीचे तासन्‌तास गोळा केले होते, प्रत्येकीला कारण असतं. पण ही करकर खालच्या फळीवर झाली, मग मधल्या, मग वरच्या. कुणीतरी सवयीने चढावं तशी.

"ये," आई म्हणाली.

पाणी. सुस्कारा.

"अजून गारच आहेस रे."

पुन्हा पाणी. या वेळी सुस्कारा आखूड आला. त्यानंतर आई हळूहळू बोलत राहिली, घरचंच, कुत्रं म्हातारं होऊन गेलं, छपराला नवा पत्रा घातला, तूली आली आहे, चिडते फार पण मायाळू आहे. उत्तर नव्हतं. फक्त आईच्या श्वासाच्या जोडीला दुसरं काहीतरी होतं. श्वास म्हणवत नव्हता. बुचकळलेली लोकर पिळावी तसा ओला आवाज, थांबून थांबून येणारा.

माईक गरम झाला असेल. वायर भिजली असेल.

पाणी पडलं. या वेळी सुस्कारा आलाच नाही. दगडावर पाणी पडलं, एवढाच आवाज आला.

तूलीच्या पाठीला दार टोचायला लागलं. तिने वळून हात लावला आणि हात चटकन मागे घेतला. पलीकडे भट्टी पेटलेली, फटीतून तिचा तांबूस उजेड दिसत होता, आणि दाराच्या फळ्यांवर हिमाची पांढरी बुरशी चढत होती. तिच्या डोळ्यांदेखत, खालून वर.

"नाही रे राजा, नाही जात मी," आईचा आवाज कानात आला. दात वाजत होते तिचे. "ऊब येईपर्यंत बसते तुझ्याजवळ. कितीही वेळ लागू दे."

तूलीने हेडफोन फेकले आणि दाराला खांदा लावला.

आत थंडी होती. बाहेरचीही बरी, अशी. भट्टीतल्या ज्वाळा सरळ उभ्या होत्या आणि त्यांची धग कुठेच पोचत नव्हती. धुकं गुडघ्यापर्यंत उतरलेलं. वरच्या फळीवरून आई खाली वाकली होती, ओठ निळे, केसांवर दव गोठलेलं, आणि मधल्या फळीवर टेकलेल्या एका पायात मोजा चढवत होती.

पाय दोन होते. एकात राखाडी मोजा होता, लाल काठाचा, जुना, त्यातून पाणी ठिबकत होतं. दुसरा अनवाणी होता. इल्मो सापडला तेव्हा एकच पाय झाकलेला होता, हे तूलीला आठवलं. आई त्या अनवाणी पायाच्या टाचेवर लोकर ओढत होती, प्रेमाने, घाई न करता.

तूलीने मान वर केली नाही. गुडघ्यांपर्यंत नजर गेली आणि तिने ती तिथेच धरून ठेवली. वर काय आहे ते पाहिलं असतं, तर तिलाही शेजारी बसावंसं वाटलं असतं. हे तिला तिथल्या तिथे, स्वच्छ कळलं.

तिने बादली गाठली. पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती, ओगराळ्याने ती फोडली.

"निघायचं पाणी," ती म्हणाली. मग नाव घेऊन पुन्हा म्हणाली. "इल्मो. निघायचं पाणी."

"अजून एक," वरून कुणीतरी म्हणालं. आवाज आईचा होता. पण लाडाने 'एक'वर हेल काढायची ती तऱ्हा आईची नव्हती, कधीच नव्हती.

तूलीला हसू आलं आणि त्याच्याच पोटातून हुंदका आला.

"नाही. उतरा आता. दोघंही."

तिने पाणी टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग धोंड्यांनी मोठा, लांब, छाती भरून सुस्कारा टाकला, आणि वाफ उसळली, खरी, भाजणारी वाफ, दिवा दिसेनासा झाला. त्या पांढऱ्यात वरची फळी करकरली, मधली, खालची. ओली लोकर तिच्या टॉवेलाला घासून गेली. खांद्यावर गार बोटांनी टिचकी बसली, सॉनातून बाहेर पळताना तो मारायचा तशी.

बाहेरचं दार आपटलं.

आई फळीवर एकटीच होती. तिचे हात रिकामे होते. तूलीने तिला कवेत धरून खाली उतरवलं, आणि आई लहान मुलीसारखी उतरली.

६

संध्याकाळी त्या तांदळाची खीर जेवल्या. खिरीत लपवलेला एकुलता बदाम आईच्या वाटीत आला, म्हणजे येणारं वर्ष तिचं. आईने तो चघळला, म्हणाली, "दोन्ही पाय झाकले गेले त्याचे," आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती दिवा मालवून झोपली.

नाताळच्या सकाळी कुणी सॉना पेटवत नाही. त्या दिवशी शेजाऱ्याकडेही जात नाहीत. तूली उजाडता उजाडता अंगणात आली, रेकॉर्डर न घेता. सॉनाच्या दारापासून पावलं निघाली होती. मोज्यांची, दोन्ही पायांची, विणीचे टाके बर्फात उमटलेले. ती काठावर उतरली होती आणि सरळ तळ्यावरून खाडीपलीकडे गेली होती.

पलीकडे मामाच्या सॉनाचं धुराडं धूर सोडत होतं. वारा तिकडून इकडे येत होता. राळेचा वास आला.

तिने पडवीत पाहिलं. उरलेलं पाईन जागेवर नव्हतं, फक्त जड ढकलगाडीच्या दोन रेघा. इल्मोला अडवायला म्हणून नेलं असतं, तर मामाने ते लपवलं असतं, पुरलं असतं. पेटवलं नसतं.

आई मागून आली. कोटाच्या आतून तिने सॉनातलं ओगराळं काढलं आणि तूलीच्या हातात दिलं.

"तायस्तोच्याने निघायचं पाणी नाही टाकवणार," ती म्हणाली. "तो बसून राहील. जा तू."

तूली बर्फावर उतरली. दोन वर्षांत तिनेही पाऊल टाकलं नव्हतं. खाली कुठेतरी तळं एकदा घुमलं आणि गप्प झालं. ती त्या पावलांच्या शेजारून चालत राहिली. सगळी जाणारी होती.

मामाच्या सॉनाच्या दारावर हिम चढलं होतं, कडीपर्यंत. आतून त्याचा आवाज येत होता. तो बोलत होता, दात वाजत होते तरी सलग बोलत होता, बर्फ धरेल असं आपल्याला वाटलं होतं, जाळी दुसऱ्या दिवशीही आणता आली असती, ती आपणच आणायला हवी होती. इतकं बोललेला तिने त्याला जन्मात ऐकला नव्हता.

तूली ओगराळं छातीशी धरून उभी राहिली. तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं. मग दार ढकललं.